शिपायाच्या निरोपाच्या चार ओळी



माणूस पलटणीत भरती होतो तेव्हा त्याची नोंद अगदी बारकाईने होते. उंची किती, छाती किती, गाव कोणते, बापाचे नाव काय, अंगावर ओळखीची खूण कुठे, सारे लिहून घेतात. पण तोच माणूस काही वर्षांनी पलटण सोडून निघतो, तेव्हा एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. हा गडी इथे होता तोवर याने केले काय? त्याचे उत्तर कोणीतरी बसून लिहावे लागते. ते नीट लिहिले गेले तर त्या माणसाच्या कष्टांचे चीज होते. गुळमुळीत लिहिले गेले, किंवा लिहिलेच गेले नाही, तर त्याचे कष्ट त्याच्या ट्रंकेबरोबर स्टेशनावर जातात आणि तिथून पुढे कोणाला ठाऊक राहत नाहीत.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या लिहिण्याविषयी. विषय फौजेतला आहे, म्हणून एवढ्यात रेडिओचा कान पिळू नका. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, शिवाय कोकण, इथली गावे पिढ्यान् पिढ्या फौजेला माणसे देत आली आहेत. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखले जाते. गावचा जवान नोकरी पुरी करून घरी येतो, गावात सत्कार ठरतो, हारतुरे आणायला माणूस तालुक्याला जातो, आणि मानपत्र लिहायचे काम बहुधा शाळेतल्या गुरुजींकडे नाहीतर बाईंकडे येते. तेव्हा हा विषय जसा फौजेतल्या साहेबांचा, तसाच तुमचा-आमचाही आहे.

प्रथम जरा दूर, अमेरिकेच्या भूसेनेत जाऊ. अमेरिकाच का, म्हणाल. तर जाणाऱ्या शिपायाची सेवा लिहून काढण्याची तिथे एक ठरलेली रीत आहे, आणि त्या रीतीतले गुण आणि दोष दोन्ही उघड्यावर आलेले आहेत. दुसऱ्याच्या अनुभवातून शहाणे होता आले तर काय वाईट?

तिथला शिपाई एका ठाण्यावर साधारण दोन-तीन वर्षे राहतो, मग त्याची बदली होते. कोणाची नोकरीची मुदत संपते, कोणी निवृत्त होतो. अशा प्रसंगी, त्याची सेवा खरोखर उल्लेख करण्याजोगी असेल तर, त्याला पदक मिळावे अशी शिफारस करता येते. 'करता येते' असे म्हणतो आहे, 'करावीच लागते' असे नाही. केवळ बदली झाली एवढ्यावरून पदकावर कोणाचाही हक्क पोचत नाही, असे तिथल्या नियमांत स्पष्ट सांगितलेले आहे. दुसरेही एक चांगले कलम आहे: पदक हुद्द्याकडे पाहून द्यायचे नाही, कामाकडे पाहून द्यायचे. आणि तिसरे असे की, ज्याने ते काम स्वतः पाहिले आहे किंवा ज्याला त्याची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यानेच शिफारस लिहावी. ज्याचे त्याने स्वतःसाठी लिहायचे नाही.

या पदकांच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर आर्मी अचीव्हमेंट मेडल. हे १९८१ मध्ये सुरू झाले, आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याचा पलटणप्रमुख ते आपल्या सहीने देऊ शकतो. त्याच्या वर आर्मी कमेंडेशन मेडल. हे १९४५ मध्ये नुसत्या फितीच्या रूपाने निघाले आणि पुढे त्याचे पदक झाले. त्याला कर्नलची सही लागते. त्याहून वर मेरिटोरियस सर्व्हिस मेडल, १९६९ मध्ये सुरू झालेले. त्यासाठी कागद आणखी वर न्यावा लागतो. आपल्याकडेही युद्धातल्या शौर्यापलीकडच्या उत्तम सेवेसाठी १९६० मध्ये विशिष्ट सेवा पदक सुरू झाले, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

आता शिफारशीचा कागद. अमेरिकेच्या भूसेनेत त्यासाठी एक छापील नमुना आहे, क्रमांक ६३८. नाव, हुद्दा, पलटण, सेवेचा काळ हे सगळे भरून झाले की चार रकाने येतात. प्रत्येक रकान्यात त्या शिपायाचे एकेक काम लिहायचे. चार रकाने, चार कामे, आणि जागा अगदी बेताची. त्याखाली पदकाबरोबर वाचून दाखवायच्या प्रशस्तीचा मजकूर, तोही मोजक्या ओळींचा. बस्स. दोन-तीन वर्षांची नोकरी, पहाटेची कवायत, रात्रीचे पहारे, बायकामुलांपासून दूर काढलेले सणवार, हे सगळे त्या चार रकान्यांत मावायला हवे.

या चार ओळींवर काय अवलंबून असते? तिथे खालच्या हुद्द्यावरून सार्जंट व्हायचे तर गुणांची बेरीज लागते, आणि त्या बेरजेत पदकाचे गुण धरतात. म्हणजे प्रश्न बढतीचा आहे, पगाराचा आहे. शिवाय शिपाई फौज सोडतो तेव्हा त्याच्या हाती जो दाखला पडतो, त्यात त्याला मिळालेली पदके लिहिलेली असतात. पुढे बाहेर नोकरी शोधताना तो दाखला त्याच्यासाठी बोलतो. तेव्हा लिहिणाऱ्याने आळस केला तर नुकसान त्याचे होत नाही, जाणाऱ्याचे होते. आणि कागद निघण्याच्या बऱ्याच आधी वर गेला पाहिजे. नाहीतर सह्या होईपर्यंत माणूस निघून जातो, आणि ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यांच्यासमोर छातीवर लागायचे पदक मागाहून पार्सलने येते.

असो. हे चार रकाने भरायचे कसे? इथेच खरी मेख आहे.

लिहायला बसले की पहिल्यांदा हाताला लागतात ती विशेषणे. अत्यंत निष्ठावान, कर्तव्यदक्ष, अविश्रांत परिश्रम करणारा, सर्वांचा लाडका. ऐकायला गोड आहे, पण तुम्हीच सांगा, यावरून तो माणूस काय करीत होता हे कळले का? हेच वाक्य बल्लवाला लावा, ड्रायव्हरला लावा, कारकुनाला लावा, कुठेही बसते. जो अंगरखा गावातल्या प्रत्येकाला बसतो, तो कोणाच्याच मापाचा नसतो.

एक दाखला घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण असे प्रत्येक छावणीत असतात. समजा, एक मोटारमेकॅनिक सार्जंट बदलून चालला आहे. साहेबांनी पहिल्या रकान्यात लिहिले: 'याने गाड्यांची देखभाल अत्यंत उत्कृष्ट रीतीने केली.' वरच्या कचेरीतल्या माणसाने ते वाचले, आणि कागद बाजूला ठेवला. त्याचे काय चुकले? असे कागद त्याच्यापुढे ढीगभर येतात, आणि सगळेच उत्कृष्ट असतात.

आता तेच असे लिहा: 'हा आला तेव्हा कंपनीच्या १८ गाड्यांपैकी ७ बंद होत्या. याने मोडीत निघालेल्या गाड्यांचे चालू भाग काढून तीन महिन्यांत ६ गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यामुळे पुढच्या मोठ्या सरावाला कंपनीला एकही गाडी उसनी घ्यावी लागली नाही.' यात एक तरी विशेषण आहे का? नाही. पण हा माणूस उत्कृष्ट आहे असे कोणी सांगायची गरज उरली का? तीही नाही. वाचणारा आपल्या मनाशीच म्हणतो, गडी कामाचा होता.

शाळेत आपण मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतो. या लिहिण्याचे व्याकरणही तेवढेच सोपे आहे. चार प्रश्न विचारावेत. काय केले? किती केले? कोणत्या अडचणीत केले? आणि त्यामुळे काय झाले? हा चौथा प्रश्न लोक हमखास विसरतात. 'याने ४० जवानांना प्रथमोपचार शिकवले' इथे थांबू नका. शिकवले, मग पुढे काय? त्यांतले किती परीक्षेत उतरले? एखाद्या अपघातात त्यांच्यापैकी कोणाच्या हाताचा उपयोग झाला का? कामाचे फळ दिसले म्हणजे काम दिसते.

ही रीत सर्वांत उपयोगी पडते ती न दिसणाऱ्या माणसांना. शत्रूच्या मोर्चावर चालून जाणाऱ्याचा पराक्रम उन्हासारखा लख्ख असतो. पण भांडारातला हिशेबनीस, तारायंत्रावर रात्र काढणारा, जखमा धुणारा, यांचे काय? यांचे काम चांगले झाले की ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. धान्य वेळेवर आले तर त्याची बातमी होत नाही, नाही आले तरच होते. अशा माणसाची कामगिरी आकड्यांनीच उजेडात येते. वर्षभरात हजारो नगांची मोजदाद झाली आणि एक नग कमी भरला नाही, हे वाक्य भांडाऱ्याचे शौर्यपदकच समजा.

मग एवढे झाल्यावर सगळे सुरळीत होते का? नाही. या रीतीला एक रोगही जडलेला आहे, तो म्हणजे फुगवण्याचा. सगळ्यांनाच सगळे दिले की कोणालाच काही दिल्यासारखे होत नाही. १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने ग्रेनाडा या लहानशा बेटावर सैन्य उतरवले. लढाई थोड्या दिवसांत आटोपली. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांतून आकडा आला की, भूसेनेने त्या मोहिमेसाठी आठ हजारांहून अधिक पदके वाटली, आणि बेटावर तर तिचे सात हजारांच्या आसपासच सैनिक गेलेले होते! माणसांपेक्षा पदके जास्त! लोक हसले. पण त्या हसण्यात खरा तोटा कोणाचा झाला? ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांचा. त्यांच्या छातीवरच्या पदकाकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. खोटे नाणे बाजारात आले की खऱ्या नाण्याचीही पारख करून घ्यावी लागते, तसे हे आहे. म्हणून वाढवून लिहिणे ही जाणाऱ्यावर मेहेरबानी नव्हे. सहा गाड्या चालू केल्या असतील तर सहाच लिहा. सोळा लिहाल तर त्या सहाही जातील.

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. लिहिले, ते जपून ठेवले का?

अमेरिकेचा पहिला सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. स्वातंत्र्ययुद्ध अजून पुरते मिटले नव्हते, तेव्हा ७ ऑगस्ट १७८२ रोजी त्याने न्यूबर्गच्या छावणीतून एक हुकूम काढला. साध्या शिपायाने किंवा हवालदाराच्या दर्जाच्या माणसाने विशेष कामगिरी केली, तर त्याने डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचे हृदयाच्या आकाराचे चिन्ह लावावे. त्या काळी युरोपातल्या सैन्यांत मानसन्मान बहुतेक सरदार-अधिकाऱ्यांच्या वाट्याला जात. साध्या शिपायाला मान देणारा हा हुकूम म्हणून मोलाचा. त्यात आणखी एक गोष्ट होती: ज्यांना हे चिन्ह मिळेल त्यांची नावे एका गुणवंतांच्या वहीत लिहून ठेवावीत. किती दूरदृष्टी! पण ती वही आज कुठेच सापडत नाही. ते चिन्ह मिळवलेले तीनच शिपाई निश्चितपणे ठाऊक आहेत, एलिजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल. आणखी कोणी होते का? असतील तर त्यांनी काय केले? वही गेली, आणि उत्तरही गेले. पुढे १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने हे चिन्ह 'पर्पल हार्ट' नावाने पुन्हा सुरू झाले, पण जुनी नावे काही परत आली नाहीत.

ही झाली अठराव्या शतकातली गोष्ट. विसाव्या शतकात तरी काय झाले? मिसुरी राज्यात सेंट लुइस शहराजवळ सैनिकांच्या नोकरीच्या दप्तराची प्रचंड इमारत होती. १२ जुलै १९७३ रोजी तिला आग लागली. सोळा ते अठरा दशलक्ष, म्हणजे दीड कोटीहून अधिक माणसांची दप्तरे त्यात जळाली. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९५९ अखेरपर्यंत भूसेना सोडलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांचे कागद गेले. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेली ही माणसे. या कागदांच्या दुसऱ्या प्रती कुठे केलेल्या नव्हत्या. पुढे एखादा म्हातारा शिपाई औषधपाण्याचा किंवा निर्वाहवेतनाचा हक्क मागायला येई, तेव्हा कचेरीला पगारपत्रके, इस्पितळाच्या नोंदी असे तुकडे गोळा करून त्याची नोकरी पुन्हा उभी करावी लागे. अशा वेळी त्याच्या घरच्या पेटीतला जुना दाखला किंवा पदकाबरोबर मिळालेला प्रशस्तीचा कागद उपयोगी पडे. सरकारची इमारत जळाली, आणि आजीने घडी घालून ठेवलेला कागद कामाला आला! श्रोतेहो, ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

कागद हरवणे हे झाले दैव. पण कागद लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनातच खोट असली तर? त्याचा दाखला इटलीतल्या एका आठवड्यात सापडतो. हा दाखला निरोपाच्या पदकाचा नाही, रणांगणातल्या शौर्याचा आहे. पण कागदाचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच.

१९४५ चा एप्रिल महिना. इटलीत दोस्त राष्ट्रांचे शेवटचे आक्रमण चालू होते. पश्चिम बाजूला व्हियारेज्जो गावाच्या पलीकडे डोंगरावर एक जुना किल्ला होता. त्या किल्ल्याच्या वाटेवर ५ एप्रिलला व्हर्नन बेकर नावाच्या कृष्णवर्णी अमेरिकन अधिकाऱ्याने शत्रूची मशीनगनची ठाणी आणि टेहळणीची जागा उद्ध्वस्त केली, आणि माघारीच्या वेळी जखमींना सुरक्षित नेता यावे म्हणून शत्रूचा मारा आपल्याकडे ओढून घेतला. चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, पूर्वेकडे सेनिओ नदीवर मराठा पलटणीचा हल्ला झाला. त्यात शिपाई नामदेव जाधव होते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत ते निरोप पोचवणारे शिपाई होते. तुकडीतली बहुतेक माणसे पडली. जाधवांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी साथीदारांना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवले. मग परत फिरून मशीनगनच्या तीन मोर्चांचा निकाल लावला. हाताला जखम झाली तेव्हा बंदूक टाकून हातबाँब वापरले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना हात हलवून पुढे बोलावले.

जाधवांना त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांच्या प्रशस्तीचा सांगाडा पाहिला तर त्यात काय आहे? दोन जखमी, तीन मोर्चे, एक नदी, एक बांध, आणि त्यामुळे पलटणीला नदीपलीकडे पाय रोवता आला. काय केले, किती केले, कोणत्या अडचणीत केले, आणि त्यामुळे काय झाले. मघाचे आपले चारही प्रश्न त्यात बसतात. म्हणून इतक्या वर्षांनीही तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

आणि बेकर? त्या महायुद्धात अमेरिकेने आपले सर्वोच्च पदक चारशेहून अधिक जणांना दिले. त्यात एकही कृष्णवर्णी नव्हता. बेकर यांना दुसऱ्या दर्जाचे पदक मिळाले आणि कागद तिथेच थांबला. पुढे १९९३ मध्ये तिथल्या भूसेनेनेच इतिहासकारांना जुने कागद तपासायला सांगितले. त्या तपासणीत वर्णभेदाची छाया स्पष्ट दिसली. अखेर १३ जानेवारी १९९७ रोजी सात कृष्णवर्णी वीरांना सर्वोच्च पदक देण्यात आले. सहा जण तोवर हयात नव्हते. एकटे बेकर जिवंत होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. त्या डोंगरावरून उतरल्यावर बावन्न वर्षांनी त्यांच्या कामाला त्याचे खरे माप मिळाले. आणि हे तरी कशामुळे शक्य झाले? कोणीतरी त्या दिवसाचा वृत्तांत कुठेतरी लिहून ठेवला होता म्हणून. लिहिलेच नसते तर तपासायला काय उरले असते?

आता आपल्या गावात येऊ.

निवृत्त होऊन आलेल्या जवानाचे मानपत्र लिहायचे आहे. पुष्कळ ठिकाणी काय होते? मागच्या वर्षीचे मानपत्र काढतात, नाव बदलतात, 'भारतमातेचे थोर सुपुत्र' पासून सुरुवात आणि 'दीर्घायुष्य चिंतितो' वर शेवट. चौकट सोनेरी, अक्षर वळणदार. सहा महिन्यांनी वाचून पाहा. तो जवान पायदळात होता की दवाखान्यात, काश्मिरात होता की राजस्थानात, एवढेही त्यावरून समजत नाही.

गुरुजी म्हणतील, आम्ही काय करावे? तो माणूस बोलतच नाही. खरे आहे. फौजी माणूस स्वतःविषयी बोलायला लाजतो. पण विचारण्याची एक रीत असते. समजा, संवाद असा होतो:

"हवालदारसाहेब, मोठं काय काम केलंत तुम्ही फौजेत?"

"आम्ही कसलं मोठं काम करणार, गुरुजी? लंगरात होतो. भाकऱ्या भाजल्या अठरा वर्षं."

इथे पुष्कळ गुरुजी वही मिटतात. मिटू नका. प्रश्न बदला.

"बरं, सकाळी उठून पहिलं काय करायचात?"

"पहाटे तीनला स्टोव्ह पेटवायचा. पण तिथं लवकर पेटत नाही, गुरुजी. हात बधिर होतात."

"तिथं म्हणजे?"

"लडाखला होतो दोन हिवाळे. चौदा हजार फूट. डाळ शिजतच नाही तिथं. कुकर बिघडला की संपलं."

"मग काय करायचात?"

"रात्रीच भिजत घालायची, आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं, नाहीतर गोठतं. एकशे वीस माणसं जेवायची. पण एक सांगतो गुरुजी, दोन हिवाळ्यांत एक दिवस असा गेला नाही की माणसाला गरम जेवण मिळालं नाही."

पाहिलेत? आता मानपत्र तयार झाले. 'चौदा हजार फूट उंचीवर, जिथे डाळ शिजत नाही आणि भिजवलेले पाणी गोठते, तिथे आपण सलग दोन हिवाळे एकशे वीस जवानांना एकही दिवस न चुकता गरम जेवण दिलेत.' भारतमातेचा सुपुत्र हे शब्द नाही वापरले तरी चालतील. ऐकणाऱ्या आयाबायांच्या डोळ्यांना पाणी येईल, कारण स्वयंपाकाचे कष्ट त्या जाणतात. आणि गुरुजी, दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना विचारा की डाळ का शिजत नाही. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे शहाऐंशी अंशांवरच उकळते. उकळते, पण पुरेसे तापत नाही. शास्त्राचा धडा आपल्याच गावच्या माणसाच्या तोंडून मिळाला, तर मुले तो विसरणार नाहीत.

थोड्या सूचना सांगतो. समारंभ ठरला की निदान पंधरा दिवस आधी त्या जवानाकडे एकदा निवांत जाऊन बसा. पराक्रम विचारू नका, दिनक्रम विचारा. कुठे होता, किती जण होता, काय नडायचे, त्यावर काय तोड काढली, हे विचारा. घरच्या बाईंनाही विचारा. तो नसताना औत कोणी चालवले, मुलांची फी कोणी भरली, म्हातारीचे दुखणे कोणी काढले? त्याच्या नोकरीतला तो वाटाही मानपत्रात एका ओळीचा हक्कदार आहे. तारखा आणि हुद्दा त्याच्या डिस्चार्ज बुकावरून ताडून घ्या. ऐकीव आकडा लिहू नका. आज फौज कुठे आहे, ठाणी कशी आहेत, असला मजकूर मानपत्रात मुळीच येऊ देऊ नका. तो स्वतःच सांगणार नाही, आणि आपण आग्रह करू नये. लिहून झाले की त्याला एकदा एकट्याला वाचून दाखवा. खोटी ओळ असेल तिथे तो मान खाली घालील. ती ओळ काढून टाका.

आणि ती सेंट लुइसची आग आठवा. मानपत्राच्या निदान दोन प्रती करा. एक त्याच्या घरी, एक शाळेच्या दप्तरात. त्याला सांगा की डिस्चार्ज बुक आणि पदकांचे कागद यांच्याही नकला काढून वेगळ्या जागी ठेवाव्यात. पुढे निवृत्तिवेतनाचे, मुलांच्या सवलतीचे काम निघाले आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे लागले, तर हाती कागद असलेला माणूस निम्मे काम करूनच गेलेला असतो.

अशी दहा-वीस मानपत्रे शाळेच्या दप्तरात साठली, तर काय होईल याचा विचार करा. गावातून कोण कोण गेले, कुठे गेले, कोणी पूल बांधले, कोणी खेचरे हाकली, कोणी जखमींना पाणी पाजले, हे सारे गावच्याच अक्षरात जमा होईल. वॉशिंग्टनने सांगितलेली गुणवंतांची वही अमेरिकेत हरवली. तशी एक वही आपल्या प्रत्येक शाळेत असू शकते. तिला खर्च येतो एका कोऱ्या वहीचा, आणि लागतात दोन कान, नीट ऐकणारे.

जाणाऱ्या माणसाला आपण हार देतो, नारळ देतो, शाल देतो. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्याने काय केले ते खरे आणि मोजून लिहिलेल्या चार ओळी त्याच्या नातवंडांपर्यंत पोचतात. तेवढ्या चार ओळी आपण त्याला द्याव्यात.